अरे, आवाज कुणाचा? सायलेन्सर बदलू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन! तुम्ही स्पोर्ट्स बाइक घेतलीत. म्हणजे घेतली वडिलांनी, पण चावी तुमच्याकडे आहे. शोरूमवाल्यांनी हँडलला हार घातला, पेढ्यांचा पुडा दिला, फोटो काढला. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक घेऊन तुम्ही ऐटीत बाहेर पडलात आणि पहिल्याच सिग्नलला पोटात खड्डा पडला. शेजारच्या ॲक्टिव्हावरच्या काकूंनी मान वळवली नाही. चौकातलं कुत्रं उठलं नाही. दोन लाखांच्या घरातली गाडी आणि आवाज कसा, तर भिंतीपलीकडे कुणीतरी मिक्सरवर दाण्याचं कूट करतंय असा.

खचून जाऊ नका. या दुःखातून सगळेच गेलेत. २००८ साली यामाहाची आर-१५ भारतात आली. पुढच्याच वर्षी मी ती कर्ज काढून घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात तिचा सायलेन्सर उतरवला. आज मी चाळिशी ओलांडलीय, रस्त्याला लागून असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि रात्री पावणेबाराला खालून जाणारी गाडी कुठली, तिला पाइप कुठला बसवलाय आणि तो किती दिवस टिकेल, हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकतो. थोडक्यात, या विषयाचा माझा दोन्ही बाजूंनी अभ्यास झाला आहे. पुढच्या सूचना क्रमाने पाळा. मध्येच डोकं वापरू नका, सगळा क्रम बिघडतो.

१. उद्दिष्ट ठरवा आणि लगेच लपवा

तुम्हाला आवाज हवाय. हे कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, मित्राला नाही, स्वतःला तर मुळीच नाही. ‘मला मोठा आवाज हवाय’ हे वाक्य बालवाडीत शोभतं. तुम्ही म्हणायचं, ‘परफॉर्मन्स’. ‘एक्झॉस्ट चोक होतोय यार, टॉपला गाडी दम तोडते.’ टॉपला म्हणजे किती, असं कुणी विचारलंच तर नुसतं हसून मान हलवा. गाडी अजून रनिंग-इनमध्ये आहे, टॉप तुम्हीही बघितलेला नाही. पण समोरच्याला ते कुठे माहीत आहे?

घरच्यांसाठी कारण वेगळं ठेवा : सेफ्टी. ‘आवाज आला की लोक आपोआप बाजूला होतात, आई.’ आईला हे पटतं, कारण तुम्ही दीड वर्षांचे असताना तिनेच तुम्हाला पीं पीं वाजणारे बूट आणले होते आणि कारणही हेच दिलं होतं. पाइपचं तोंड मागे असतं, त्यामुळे सगळ्यात जास्त सावध होतात ते तुम्ही ओलांडून गेलेले लोक, हा तपशील घरी सांगायची गरज नाही.

२. आपला स्वर ओळखा

तुमच्या डोक्यात जो आवाज घुमतोय तो हायाबुसाचा. तिला सिलिंडर चार. तुमच्याकडे एक. फोर-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. म्हणजे दहा हजार आरपीएमला तुमची गाडी सेकंदाला ८३ वेळा पेटते, आणि तितक्याच आरपीएमला चार सिलिंडरवाली ३३३ वेळा. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांचा हिशेब एव्हाना झाला असेल : कंपनं चौपट म्हणजे बरोब्बर दोन सप्तकं. ती तार सप्तकात गाते, तुम्ही मंद्रात. मंद्र षड्ज कितीही छाती फोडून लावला तरी त्याचा तार षड्ज होत नाही. फक्त शेजारी उठतात.

मग सायलेन्सर बदलून मिळतं काय? तोच स्वर, पण घशात पत्रा अडकल्यासारखा. आणि डेसिबलचा व्यवहारही जरा आतबट्ट्याचाच. दहा डेसिबल वाढवायचे तर आवाजाची ताकद दहापट करावी लागते, कानाला मात्र तो साधारण दुप्पटच वाटतो. दहापट दंगा, दुप्पट कौतुक. पण कौतुकाच्या बाबतीत माणसाने हिशेबी असू नये.

३. खरेदी

पुण्यात असाल तर नाना पेठेत जा. दुचाकीच्या पार्टचा तो जुना बाजार आहे. दुकानाच्या तोंडाशी सायलेन्सर केळ्याच्या घडासारखे टांगलेले असतात : निळी झाक मारणारे, सोनेरी, कार्बन फायबरचे आणि कार्बन फायबरचा कागद चिकटवलेले. इथे बावळटासारखं ‘सायलेन्सर आहे का?’ विचारू नका. ‘एक्झॉस्ट’ म्हणा. दहा टक्के भाव तिथेच वाढतो, पण इज्जत राहते.

‘अक्रा आहे का?’ तुम्ही विचारता.

‘आहे ना, दादा.’

‘आणि एससी?’

‘तो पण आहे.’

‘योशीमुरा?’

‘काय पाहिजे ते बोला.’

आता नीट बघा, कारण शिकण्यासारखं इथेच आहे. तो घडातून एकच नळकांडं उतरवतो. मग गल्ल्याखालचा खण ओढतो. त्यात बिस्किटाच्या डब्यात पत्र्याच्या छोट्या छोट्या पाट्या असतात, चारी कोपऱ्यांना भोकं पाडलेल्या. अक्राची पाटी नळकांड्यावर धरतो, डोळे बारीक करतो, मग ती ठेवून एससीची धरतो. लग्नात बायका ब्लाउजपीस साडीवर लावून बघतात तसं. ‘तुमच्या गाडीच्या कलरला ही चांगली दिसेल.’ चार रिव्हेट, आणि तीन-साडेतीन हजारांत इटली, जपान किंवा स्लोव्हेनिया तुमच्या मालकीचा.

स्लोव्हेनियावरून आठवलं. अक्रापोविच ही कंपनी तिथली. इगोर अक्रापोविच नावाच्या माजी रेसरने १९९० मध्ये ती काढली. सबंध देशाची लोकसंख्या एकट्या पुणे शहराहून कमी, आणि तरी आपल्या प्रत्येक तालुक्याला पुरून उरतील इतके त्याचे सायलेन्सर आपल्याकडे फिरतात, ही त्या माणसाची केवढी मोठी कामगिरी! नावाचा उच्चार ‘अक्रापोविक’ करा. ‘विच’ म्हणालात तर तुम्ही बाहेरचे आहात हे कळेल.

ओरिजिनल घेण्याची चूक मात्र करू नका. एक तर किमतीचा आकडा बघून वडिलांना पाणी द्यावं लागेल. दुसरं, तो बऱ्याचदा डीबी किलरसकट येतो, आणि कागदपत्रांत ‘फक्त रेसिंगसाठी’ असलं काहीतरी लिहिलेलं निघू शकतं. आणि तिसरं कारण सगळ्यात दुःखाचं : खरा लावलात तरी सिग्नलला भेटलेला मित्र विचारणारच, ‘कॉपी कितीला पडली?’

डीबी किलर म्हणजे मफलरच्या तोंडात बसवलेली भोकाभोकांची छोटी नळी. आपल्याकडे तिला पुंगळी म्हणतात. सबंध सायलेन्सरात आवाजाची थोडीफार लाज बाळगणारा तेवढाच एक भाग, म्हणून तो काढायचा. एक ॲलन बोल्ट, अर्धा मिनिट. फिटर ती तुमच्या तळहातावर ठेवतो, डेंटिस्ट दाढ काढून दाखवतो तशी. ‘खिशात असू द्या. साहेबांनी धरलं तर लावली म्हणून सांगता येतं.’

४. बेंड पाइपसुद्धा बदला, आणि फिटरला श्रीमंत करा

नुसता मागचा डबा बदलला तर त्याला स्लिप-ऑन म्हणतात. ताकदीत त्याने पडणारा फरक मोजायला मशीन लागतं आणि मान्य करायला मैत्री. म्हणून फिटर तुम्हाला ‘फुल सिस्टीम’ सुचवेल. म्हणजे इंजिनाच्या तोंडापासून पाइप नवा. घ्या. तुमची गाडी २०२० च्या एप्रिलपासूनची बीएस-६ असेल तर ते मुळीच आठवू नका, कारण तिच्या जुन्या पाइपच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे आणि तोच धुरातलं विष मारतो.

नवा पाइप बसला की फिटर फडक्याला हात पुसत सहज म्हणेल, ‘जुना इथंच राहू द्या. कशाला घरी अडगळ?’ तुम्हाला त्याच्या मनाच्या मोठेपणाने भरून येईल. येऊ द्या. कन्व्हर्टरच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा लेप असतो आणि भंगारवाले तो वजनाने नाही, नावाने विकत घेतात. म्हणजे तुम्ही मजुरी देऊन वर दागिना ठेवून आलात. लग्नकार्यात होतं असं.

५. गरम पाइपपासून जपा

कॉपी पाइपवर उष्णता अडवणारी पट्टी असतेच असं नाही. जुलै महिन्यात कात्रज घाटात माझ्या रेनकोटची पॅंट वितळून पाइपला चिकटली होती. प्लॅस्टिक जळाल्याचा वास गाडीला पुढचे दोन महिने येत होता आणि मामेभावाच्या उजव्या पोटरीवरचा डाग अजून आहे. तो तेव्हा मागे बसला होता. आता तो बसत नाही.

६. ‘बॅक प्रेशर’ हा शब्द पाठ करा

बाइकवाल्यांच्या कट्ट्यावर बसायचं तर हा शब्द आलाच पाहिजे. अर्थ येण्याची गरज नाही, कुणालाच येत नाही. ‘बॅक प्रेशर गेलं ना, म्हणून लो-एंड मेलं’ असं म्हटलं की चार माना डोलतात.

ही श्रद्धा आली कुठून, तर मामाच्या आरएक्स-१०० वरून. ती टू-स्ट्रोक होती, १९८५ ते १९९६ पर्यंत निघाली, ९८ सीसीची. टू-स्ट्रोकमध्ये बाहेर जायचं दार झाकणारा व्हॉल्व्हच नसतो. धुराबरोबर ताजं पेट्रोलही निसटायला बघतं. म्हणून तिच्या सायलेन्सरला पुढे पोट आणि मागे निमुळती शेपूट : दाबाची लाट शेपटीवर आपटून उलट फिरते आणि निसटलेलं पेट्रोल दार बंद व्हायच्या आत परत ढकलते. तिथे पाइपचा आकार हा इंजिनाचाच एक भाग होता. मामाने पाइप बदलला की गाडी खरोखर बदलायची. बिघडायची किंवा सुधारायची, पण बदलायची.

तुमच्या फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह आहेत. बेंड पाइपची लांबी-जाडी तिथेही महत्त्वाची असते, पण ती ठरवायला कंपनीतल्या इंजिनिअरांनी महिने घातलेले असतात आणि नाना पेठेतल्या वेल्डरने सकाळ. मामाचं ज्ञान तुमच्या गाडीला लावणं म्हणजे आजीच्या चुलीची राख इंडक्शनला लावण्यासारखं आहे. पण लावा. परंपरा जपली पाहिजे.

७. पिवळा दिवा लागला तर

लागणारच. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा दिसेल. जुन्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर होता. धुरात किती हवा उरली हे हुंगून तो कॉम्प्युटरला सांगायचा आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करायचा. नव्या पाइपला सेन्सरचं भोकच पाडलेलं नाही, किंवा पाडलंय ते भलत्या जागी. त्यातच तुम्ही ‘हाय-फ्लो’ एअर फिल्टर बसवलाय, त्यामुळे हवा वाढली. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, गाडी मिसिंग मारते.

याला तीन उपाय आहेत. ईसीयू रिमॅप हा पहिला : लॅपटॉप घेतलेला एक मुलगा गाडीला वायर जोडतो आणि दहा मिनिटांनी म्हणतो, ‘आता बघा पिकअप.’ तुम्हाला पिकअप जाणवतो. पैसे दिल्यावर पिकअप नेहमीच जाणवतो. डायनोवर आधीचा आणि नंतरचा आलेख मागू नका, उगाच त्याचा अपमान होतो. दुसरा उपाय वेगळा फ्युएल कंट्रोलर बसवण्याचा, म्हणजे कॉम्प्युटरला फसवणारा दुसरा कॉम्प्युटर. तिसरा सगळ्यात लोकप्रिय आणि अस्सल देशी : दिव्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा. पाच रुपये.

ॲक्सिलरेटर सोडला की पाइपातून फटाके फुटू लागतील. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटतंय, असं जाणकार म्हणतात. तुम्ही त्याला ‘पॉप्स’ म्हणा. पॉप्स अपुरे वाटले तर चालत्या गाडीचा किल स्विच बंद-चालू करण्याची एक पद्धत आहे. ती दवाखान्यासमोर करावी, प्रेक्षक आतच असतात आणि उठून जाऊ शकत नाहीत.

८. इंजिन उघडा

एवढं होऊनही मित्राची ड्यूक पुढे जात असेल तर मन घट्ट करा. इंजिन उघडायचं. आर-१५ च्या तिसऱ्या पिढीचा हिशेब घ्या : बोअर ५८ मिलिमीटर, स्ट्रोक ५८.७, झाले १५५ सीसी. बाजारात मोठे ब्लॉक-पिस्टन मिळतात. ६२ चा पिस्टन घातला की १७७ सीसी. बावीस सीसींचा हा नफा मिळवण्यासाठी गाडी आठ दिवस फिटरकडे, पिस्टन परातीत, हेड वर्तमानपत्रावर आणि तुम्ही पीएमपीच्या बसमध्ये.

यात कायद्याची एक गंमत आहे. कारखान्यातून बाहेर पडताना ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला ७७ डेसिबलची मर्यादा असते आणि १७५ च्या वर ८०. म्हणजे ६२ च्या पिस्टनने तुम्ही दोन सीसींनी वरच्या वर्गात गेलात आणि तीन डेसिबल बक्षीस मिळवलेत! आरसी बुकात मात्र १५५ च लिहिलंय, पण पुस्तकी ज्ञानाला किती महत्त्व द्यायचं?

कंपनीने या इंजिनाला आधीच ११.६ ला १ इतकं कॉम्प्रेशन दिलंय. हेड तेच ठेवून पिस्टन मोठा केला की ते आणखी वाढतं, आणि साध्या पेट्रोलवर इंजिन खडखडायला लागतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. मग शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. ते इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलं. ते भरताना पंपाच्या आकड्यांकडे पाहू नका, हवेचा पाइप कुठे आहे ते बघा.

आणि ‘इंजिन बसलं’ असा फोन फिटरकडून आलाच, तर ‘बसलं’ या शब्दाचा चांगला अर्थ घेण्याचा प्रयत्न करू नका.

९. हे खर्च टाळा

टायर. चांगला टायर वळणावर गाडी धरून ठेवतो, पावसात थांबवतो, पण आवाज करत नाही. म्हणून नको.

ब्रेक पॅड. तसंच.

पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करणं. थोडक्या पैशांत पिकअप खरोखर वाढतो, टॉप स्पीड जरा कमी होतो, आणि तो तुम्ही कधी गाठतच नाही. पण सिग्नलला उभं राहून कुणाला दात मोजून दाखवणार?

स्वतःचं वजन. गाडी १४० किलोच्या आसपास, तुम्ही ८४. कॉपी सायलेन्सरने गाडी दोन-अडीच किलोंनी हलकी होईल आणि त्या आनंदात तुम्ही लोणावळ्याला जाऊन तेवढीच चिक्की खाल.

ट्रॅकवर जाऊन शिकणं. इरुंगट्टुकोट्टई चेन्नईजवळ, कारी कोइम्बतूरला, बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडात. तिथे तुमच्यापेक्षा गप्प गाडीवरचा एखादा पोरगा तुम्हाला दर फेरीला मागे टाकेल. कशाला जायचं?

१०. आता चालवायची कुठे?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. वांद्रे-वरळी सी-लिंकवर बंदी, अटल सेतूवर बंदी. महाराष्ट्रात वेगासाठी म्हणून जो जो रस्ता बांधला त्याच्या तोंडाशी मोटारसायकलवर काट मारलेली पाटी आहे. तुमच्यासाठी उरला फर्ग्युसन रस्ता.

हरकत नाही. गुडलक चौकापाशी संध्याकाळी सातला उभे राहा. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, रेस देत राहा. तुमच्या इंजिनात ७४०० आरपीएमला व्हॉल्व्हची दुसरी कॅम लागते, ती गाडीची खरी ताकद; फर्ग्युसन रस्त्यावर ती फक्त पहिल्या गिअरमध्ये, दोन रिक्षांच्या मधल्या फटीत, दीड सेकंद अनुभवता येते. तो दीड सेकंद लक्षात ठेवा. छत्तीस हप्ते त्याचेच आहेत.

आवाज किती झालाय हे तपासायला मीटर नको. रात्री सोसायटीच्या पार्किंगमधून एकदा जाऊन या आणि किती मोटारींचे अलार्म वाजले ते मोजा. तीन चांगले, पाच उत्तम. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात पोरं ‘अरे, आवाज कुणाचा?’ म्हणून घसे फोडतात. पण त्यांना आधी नाटक बसवावं लागतं. तुमचं तसं नाही.

११. साहेबांशी बोलणं

रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरांत त्याहूनही कमी. चौकात शिट्टी वाजेल तेव्हा हे आकडे म्हणून दाखवू नका.

‘सायलेन्सर कुठला?’

‘कंपनीचा आहे, सर.’

‘कुठल्या कंपनीचा?’

या प्रश्नाला उत्तर नाही. मी सतरा वर्षं शोधतोय.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाडीच्या रचनेत परस्पर बदल केला तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे नीट वाचा : पाइप एक, ब्लॉक दोन, आणि लॅपटॉपवाल्या मुलाचं काम मोजलं तर तीन. आवाज आणि धूर यांच्या नियमभंगाला वेगळं कलम आहे, दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. कंपनीने दिलेली रचना परस्पर बदलता येणार नाही हे त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. विमा कंपनीलाही ते ठाऊक आहे आणि क्लेमच्या दिवशी तिला ते नक्की आठवतं.

दिलासा एवढाच की पीयूसीच्या टपरीवर नळी घालून धूर बघतात. आवाज तिथे कुणी विचारत नाही. तुमच्या गाडीचा आवाज चालू असताना तिथे कुणाला काही विचारताही येत नाही.

जप्त झालेले सायलेन्सर पोलीस काय करतात, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोड रोलर फिरवतात. फोटोत आपला ओळखता यावा म्हणून पाटी वरच्या बाजूला येईल असा बसवून घ्या. सपाट झाल्यावर इटली, जपान आणि स्लोव्हेनिया सारखेच दिसतात.

१२. माळा

आणि तेव्हाच तुम्हाला ओरिजिनल लागणार आहे, तोही त्याच दिवशी. म्हणून चौथ्या सूचनेतल्या फिटरचं ऐकू नका, हे मी तिथेच सांगायला हवं होतं. जुना पाइप घरी आणा, आईच्या जुन्या साडीत गुंडाळा, माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी ठेवा. मी तसा ठेवला होता. चौदा महिन्यांनी स्टुलावर उभा राहून उतरवला. खाली स्टूल धरायला वडील होते. त्यांनी काही विचारलं नाही. गाडीला तो परत बसवून मी पहिल्यांदा सोसायटीच्या दारातून आत आलो, तर आईने दार उघडलं नाही, बेल वाजवावी लागली. आधी तिला गाडी कोपऱ्यावर असतानाच कळायचं आणि कुकरखालचा गॅस ती बारीक करायची.

त्या माळ्यावर आता माझा कॉपी सायलेन्सर आहे. अक्राची पाटी, चार रिव्हेट, पुंगळीसकट. गंज थोडा आहे. पहिल्या पिढीच्या आर-१५ ला बसतो, बाकीच्यांना बसवणारे बसवतात. कुणाला हवा असेल त्याने घेऊन जावा, पैसे नकोत. अट एवढीच : रात्री दहाच्या आत यायचं, आणि गाडीला लावून न्यायचा नाही, हातात धरून न्यायचा.